मिरचीच्या देठांचं दही

शाळेच्या दारात पायपुसण्याच्या जागी वजनाची चटई आली, तेव्हा तिच्यावर पहिला पाय माझा पडला. उद्घाटनाला कुणीतरी हवं होतं आणि मी खेळाची बाई. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला, शेजारी तोंड पाडलेला एक लाल चेहरा आला आणि सातवी ब मध्ये खसखस पिकली. एके काळी मी सोलापूर जिल्ह्याकडून खो-खो खेळले आहे. आता मी खांबाजवळ उभी राहिले तर खांब कुठला आणि बाई कुठली ते विचारावं लागेल, असं माझा नवराच म्हणतो. मीही पोरांबरोबर हसले. न हसून सांगते कुणाला?

त्या वर्षी राज्यात नवा नियम आला होता. शाळांना निकालावर जशी श्रेणी मिळते, तशी ती मुलांच्या पोटाच्या घेरावरही मिळू लागली. लोकांनी नावं ठेवली, पण आम्ही रोज वर्गात काय बघत होतो ते आम्हालाच ठाऊक. पाचवीतली पोरं एक जिना चढून भिंतीला टेकायची. सहावीतली शर्वरी डबा उघडण्याआधी स्वतःच्या हाताने पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची, आणि शेजारच्या मुलींना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. माझा वीरेश अकरा वर्षांचा. त्याला सगळे 'टमटम' म्हणायचे. चारचौघांत तो केकचा तुकडाही घ्यायचा नाही आणि घरी फ्रिजचं दार उघडून उभ्या उभ्या जेवायचा. खेळाच्या बाईचा मुलगा मैदानावर यायचा बंद झाला, हे मला किती लागलं होतं ते मी कधी कुणाला बोलले नाही.

आणि मग ते दही आलं.

दही शाळेत आणलं मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शैलजा मंगरुळे. मी याच शाळेत शिकले, त्यांच्याच हाताखाली. मुलीने चड्डी घालून खेळायचं नाही असं माझ्या वडिलांनी सांगितलं, तेव्हा या बाई आमच्या घरी येऊन बसल्या, आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. पुढे नोकरीही त्यांनीच दिली. देवाच्या खालोखाल मी कुणाला मानत असेन तर त्यांना.

पालकसभेला पुण्याच्या कंपनीचा एक तरुण साहेब आला होता. त्याने समजावलं ते मला चटकन कळलं. आपण भात खातो, पोळी खातो, गोड खातो, त्या सगळ्याची पोटात साखर होते. ही साखर सुट्या मण्यांसारखी असते. आतड्याला फक्त सुटे मणी उचलता येतात. कंपनीने दह्यातलाच एक साधा जंतू घेतला आणि त्याच्या अंगात एक नवं काम घातलं. तो पोटात जाऊन बसतो आणि सुटे मणी भराभरा ओवून त्यांच्या माळा करतो. माळ आतड्याला उचलता येत नाही, ती चोथ्यासारखी बाहेर पडते. म्हणजे पोरगं पोटभर जेवतं, भूक भागते, आणि जेवणातला एक हिस्सा अंगाला लागतच नाही. रोज मधल्या सुट्टीत एक कप दही, बस.

"आणि हे दही घरी नेऊन विरजण म्हणून लावलं तर?" मी विचारलं. सोलापूरची बाई दुसरं काय विचारणार?

साहेब हसला. "लागणारच नाही, मॅडम. या जंतूला जगायला एक घटक लागतो, तो दुधात नसतो. आम्ही तो शाळेच्या दह्याच्या टाकीत वेगळा घालतो. घरी फार तर एकदा दही लागेल. दुसऱ्यांदा दूध दूधच राहील. तो उपाशी मरतो."

पालक अजून चुळबुळत होते. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माईक घेतला आणि म्हटलं, "घाबरू नका हो. हा पाहुणा आहे, घरजावई नाही." सभागृह हसलं. परवानगीचे अंगठे सगळ्यांनी तिथल्या तिथे दिले. ते वाक्य पुढे गावभर झालं आणि मला त्याचा अभिमानही वाटायचा.

दह्याने काम केलं, हे मी नाकारणार नाही. पहिल्या सत्राअखेर चटईवरचे लाल चेहरे कमी झाले. शर्वरीची सुई आधी निम्म्यावर आली, मग सुटली. एक दिवस वीरेश आपणहून मैदानावर आला, एक फेरी पळाला, ओणवा होऊन धापा टाकत राहिला आणि माझ्याकडे बघून हसला. मी शिट्टी तोंडात धरून पाठ फिरवली. रडणारी खेळाची बाई पोरांना चालत नाही.

शाळेला वरची श्रेणी मिळाली. लगोलग खेळाचे तास निम्मे झाले आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात दह्याची शीतखोली उभी राहिली. मी कुरकुरले, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "वृंदा, तुझ्या शिट्टीने इतक्या वर्षांत जे झालं नाही ते या कपाने करून दाखवलं. वाईट वाटून घेऊ नकोस." वाटलं तर खरं. पण बोलणाऱ्या त्या होत्या, म्हणून गिळलं.

आता घरचं सांगते.

आमच्या घरचं विरजण माझ्या आईकडून आलेलं. एकदा वीरेशने सगळी वाटी फस्त केली, तळाशी चमचाभरही ठेवलं नाही. शाळेतला एक उरलेला कप माझ्या पर्समध्ये होता. वाटीला चिकटलेलं जुनं दही खरवडलं, त्यात तो कप ओतला आणि दूध विरजलं. सकाळी बघते तर सुरीने कापावं असं दही. दुसऱ्यांदाही तसंच लागलं, तिसऱ्यांदाही. मला वाटलं, साहेबाचा पाहुणा पहिल्याच दिवशी मेला असणार आणि हे आईचंच विरजण आहे. दुसरं वाटण्याचं कारणही नव्हतं. माझ्या सलवारीची नाडी जरा सैल झाली ती शाळेत मीही कप खात होते म्हणून, असा माझा हिशेब.

समोरच्या दारात भारती मादगुंडी राहते. तिचा नवरा टॉवेलच्या कारखान्यात, आणि ती घरी मशीनवर शाळांचे गणवेश शिवते. माझ्याहून लहान, मला अक्का म्हणते. त्यांच्याकडे दह्याशिवाय पान हलत नाही. विरजण बिघडलं की ती वाटी घेऊन यायची, आणि तेही दिवेलागणीच्या आत, कारण दिवे लागल्यावर विरजण देत-घेत नाहीत. ती वाटी दुसऱ्या दिवशी परत यायची, पण रिकामी कधी नाही. कधी शेंगाचटणी, कधी चार चकल्या, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. माझं घट्ट दही बघून तिनेही विरजण नेलं. तिच्याकडून पलीकडच्या दोघींनी नेलं, त्यांच्याकडून आणखी कुणी. नाही म्हणायचा प्रश्नच नसतो. विरजण मागायला आलेल्याला कुणी परत पाठवत नाही.

भारतीची हंसिका तेव्हा दीड वर्षाची होत आली होती. दिवस भरण्याआधी जन्मलेली, मुळात अशक्त. तरी वर्षाची होईपर्यंत बाळसं धरलं होतं. मग वजन थांबलं, आणि पुढे उतरायला लागलं.

एका दुपारी मी गेले तर भारती मशीनवर होती आणि भोवती शाळेच्या चड्ड्यांचा ढीग.

"अक्का, यंदा नुसतं कमरेत आत घ्यायचं काम आलंय बघ," ती म्हणाली. "शाळेनं पोरं वाळत घातली का काय?"

मी हसले. तीही हसली, पण हसणं टिकलं नाही. हंसिका जमिनीवर बसून दहीभात खात होती. तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरत होता.

"सगळ्या तपासण्या झाल्या, गं. रक्त झालं, जंत झाले, सगळं चांगलंय म्हणतोय डॉक्टर. दहीभात द्या, साखर घालून द्या म्हणतोय. तीन वेळा घालायलेय. पोरगी काही टाकत नाही अक्का, ताट चाटून खातीय. मग जातंय कुठं?"

तिच्या सासूने दृष्ट काढली होती. आईच्या दुधातच कस नव्हता, असंही तिला ऐकवून झालं होतं. मी म्हटलं, होईल गं, काही पोरं उशिरा भरतात. घरी येऊन मीच माझ्या चांगल्या दह्याची आणखी एक वाटी तिच्याकडे पोचती केली.

दिवाळीनंतर मोठ्या बाईंनी शाळेत एक नवी पद्धत सुरू केली होती. उरलेले कप कुणी घरी न्यायचे नाहीत, तिथेच मोरीत ओतायचे. का, तर मुंग्या होतात. आमच्या शाळेत कुठल्याही गोष्टीला मुंग्या हे कारण पुरतं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मीही कप ओतत राहिले.

संक्रांत झाली आणि मोठ्या बाईंच्या लेकीचं, केतकीचं डोहाळजेवण आलं. पाचवा महिना, हिरवी साडी, फुलांचे दागिने, दारापुढे सजवलेला झोपाळा. केतकी माझ्यासमोर वाढलेली, त्यामुळे मी पाहुणी म्हणून न बसता पदर खोचून स्वयंपाकघरात शिरले. कढीला दही हवं होतं. ओट्याच्या कोपऱ्यात, शेगडीच्या उबेला, एक झाकलेली वाटी दिसली. झाकण काढलं तर दूध, आणि त्यात लाल मिरचीचे देठ तरंगत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरात विरजणाचा थेंबही नसेल आणि मागायला शेजारही नसेल, तर कोमट दुधात सुक्या मिरचीचे देठ टाकून ठेवतात. देठांवर दही लावणारे जंतू मुळातच असतात. पहिलं दही पाणचट लागतं, त्यातून दुसरं, मग कुठे तिसरं चांगलं. परदेशी गेलेल्या पोरी हे उद्योग करतात. सोलापुरात, भरल्या घरात हे कुणी करत नाही. आणि मोठ्या बाईंच्या घरात तर नाहीच, कारण त्यांचं विरजण सासूच्या वेळचं. भूकंपाच्या वर्षी सगळं गाव रस्त्यावर झोपत होतं तेव्हा सासूबाईंनी ते विरजण उशाशी घेऊन रात्री काढल्या, ही गोष्ट बाई प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगतात.

केतकी पाणी प्यायला आत आली होती. मी विचारलं, "काय गं, हे देठ कशाला?"

"आईचं खूळ," ती म्हणाली. "सगळं विरजण ओतून दिलं तिनं. आजीचं हो! भांडीसुद्धा उकळून घेतली. मला सक्त ताकीद, कुणाच्या घरचं दही खायचं नाही, कुणाकडून विरजण आणायचं नाही. आज कढीलासुद्धा पिशवीतलं दही आणलंय बघ, फ्रिजमध्ये."

"कधीपासून हे?"

"मला दिवस गेल्याचं दिवाळीत फोनवर सांगितलं ना, त्याच दिवसापासून. आठ दिवसांनी मी इथं आले तर घरात ताकसुद्धा नाही."

मी झाकण वाटीवर परत ठेवलं. मोरीत ओतायचे कप आठवले. माझं सुरीने कापावं असं दही आठवलं. खांद्यावरून घसरणारा फ्रॉक आठवला, आणि ताट चाटून खाणारी पोरगी. बाहेर बायका केतकीला झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणायला लागल्या होत्या.

मोठ्या बाई मागच्या अंगणात हात धूत होत्या. मी जाऊन समोर उभी राहिले.

"बाई, विरजण का ओतलंत?"

त्यांनी नळ बंद केला. टॉवेलने एकेक बोट पुसत राहिल्या. खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगते.

"केतकी बोलली वाटतं."

"ते शाळेतलं दही घरी लागतं. मरत नाही. तुम्हाला माहीत होतं."

"सुट्टीच्या आधी मी दोन कप घरी आणले होते, आमच्या दह्यात घातले. दर वेळी शाळेतल्यासारखंच घट्ट लागत राहिलं, तेव्हा शंका आली. नमुना पुण्याला पाठवला." त्या वर्गात शिकवतात तशा शांतपणे बोलत होत्या. "जंतूला हवा तो घटक दुधात नसतो, हे खरंच आहे. पण घरच्या विरजणात शेकडो जातींचे जंतू असतात. त्यातले काही तो घटक तयार करून बाहेर टाकतात आणि हा त्यावर जगतो. कंपनीने तपासलं होतं ते निर्जंतुक दुधात, एकट्याला ठेवून. प्रयोगशाळेत जंतूला शेजारी नसतात, वृंदा."

"आमच्याकडे असतात, बाई. शेजारी पण असतात आणि शेजारचं तान्हं पोर पण असतं."

"कंपनी सुधारित जंतू आणतेय, जूनमध्ये. तोवर बोलू नका म्हणाले. मोठ्या माणसाला काही होत नाही, दोन-चार किलो उतरतं. आणि म्हणून तर मी कप ओतून द्यायला सांगितलं."

"मुंग्या होतात म्हणून सांगितलंत."

"खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दही बंद पडलं असतं. शर्वरीने परत सुया टोचून घ्यायच्या? तुझा वीरेश परत टमटम? तुला चालेल?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी तीनशे पोरांचं बघत होते, गं. माझ्या जागी तू असतीस तर?"

वीरेशचं नाव घेतलं आणि खरं सांगते, क्षणभर मी डगमगले. तो ओणवा होऊन हसलेला चेहरा माझ्यासमोर आला. त्यांना माहीत होतं कुठे हात घालायचा ते. लहानपणापासून त्यांनीच तर मला घडवलं होतं.

"तुमच्या केतकीपुरतं तुम्ही भांडीसुद्धा उकळलीत," मी म्हटलं. "माझ्या शेजारची भारती. तिची पोरगी दीड वर्षाची आहे आणि सहा महिन्यांच्या बाळाएवढी दिसते. माझ्या हातचं विरजण खाऊन."

त्यांचा हात खांद्यावरून निघाला. "भारती कोण ते मला माहीत नव्हतं."

"कुणीतरी भारती असणार, हे माहीत होतं."

त्यांनी टॉवेल दोरीवर वाळत टाकला. मग हळूच म्हणाल्या, "आज बोलू नकोस. पुढच्या आठवड्यात मंत्री येतायत शाळा बघायला. ते झालं की आपण दोघी मिळून घरोघरी जाऊ, काहीतरी कारण सांगून सगळ्यांचं विरजण बदलून देऊ."

"आणि हंसिकाला मंत्री येऊन जाईपर्यंत थांब म्हणून सांगू?"

केतकीचा काही दोष नव्हता. तिला हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि न जेवता निघाले. डोहाळजेवणातून उपाशी उठू नये म्हणतात. त्या दिवशी त्या घरचा घास माझ्याच्याने गिळवला नसता. रिक्षात बसल्यावर मला राग आला. माझ्या वडिलांसमोर बसून भाकरी मोडणारी ती बाई कुठली आणि ही कुठली? का तेव्हाही तिला जिल्ह्याचा कप हवा होता, मी नको होते? एका दुपारीत माझं सगळं लहानपण नासवलं होतं बाईंनी.

घरी न जाता मी समोरच्या दारात गेले. भारती मशीनवर होती. हंसिका खाली बसून ताटलीतला दहीभात मुठीने खात होती. मी चप्पलही न काढता आत गेले आणि तिच्यापुढची ताटली उचलली.

पोरीने हात पसरून भोकाड पसरलं.

"अक्का, काय करायलीस?" भारती उठली. "जेवत्या लेकराच्या पुढचं ताट?"

"भारती, हे दही तिला देऊ नकोस. घरात आहे तेवढं सगळं ओत. आत्ताच्या आत्ता."

मी सगळं सांगितलं. मणी, माळा, शाळेतला कप, माझ्या आईचं विरजण, मोठ्या बाईंचे मिरचीचे देठ. ती हंसिकाला कडेवर घेऊन ऐकत होती. पोरगी ताटलीकडे हात करून रडत होती आणि भारती तिला थोपटायचीही विसरली होती. मी म्हटलं, उद्या नाही, आज डॉक्टरकडे जाऊ, मी येते, औषधाने हे जंतू मरतात, पोरगी महिन्याभरात भरेल.

"माईकवर तूच बोललीस ना, अक्का?" तिने विचारलं. "पाहुणा आहे, घरजावई नाही. माझ्या गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. मी लई हसले होते."

"मला तेच सांगितलं होतं गं. मला आज कळलं."

"आज?"

"आज. तासाभरापूर्वी."

"आणि मोठ्या बाईंना?"

"दिवाळीत."

तिने मान हलवली. मग जे बोलली ते फार हळू बोलली. "दिवाळीपासून तुम्ही रोज त्यांच्यासंगं. त्यांच्या केबिनमध्ये चहा पिता, त्यांच्या घरचं कार्य करून आताच आलात, डोक्यात अजून गजरा हाय. त्यांना माहीत आणि तुम्हाला नाही?"

मला तिने आजवर कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"भारती, शप्पथ घेते. वीरेशची घेते."

"लेकराची शप्पथ घेऊ नका. तुमचं लेकरू हलकं झालं, चांगलं झालं. माझं मुळातच हलकं होतं." तिने माझ्या हातातली ताटली काढून घेतली. "मी कसं मानू, मॅडम? तुम्हीच सांगा."

तिच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं. मोठ्या बाईंनी माझ्याकडून खोटं वदवून घेतलं होतं, ते एक वेळ मी सोसलं असतं. पण आता माझं खरंही खोट्यासारखं दिसत होतं, आणि ते पुसायला माझ्याकडे काही नव्हतं.

डॉक्टरकडे ती नवऱ्याबरोबर गेली. मला बरोबर नेलं नाही.

मी लेनमधली सगळी दारं वाजवली. काहींनी लगेच ओतलं. काहींनी मान डोलावली आणि ठेवून घेतलं. एक तर तोंडावर म्हणाली, "इतकं गोड लागतं हो वृंदाताई, आणि माझं वजनपण उतरतंय." तिला मी दारातच जे बोलले ते इथे लिहीत नाही. मंत्री यायच्या आदल्या दिवशी, पालक मुलांना सोडायला आले तेव्हा, मी शाळेच्या फाटकात उभी राहिले. हातात तोच माईक. सगळं सांगितलं. मोठ्या बाई खिडकीतून बघत होत्या, अडवायला आल्या नाहीत.

दही बंद झालं. कंपनीने चौकशी करू म्हणून सांगितलं, अजून करतेय. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी चटईवर लाल चेहरे परत दिसायला लागले, आणि पालकांनी बोल लावला तो मला. चांगलं चाललेलं हिने मोडलं म्हणे. शर्वरीची आई मला रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूने जाते, आणि तिला मी दोष देत नाही. वीरेश तर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुला गप्प बसता आलं नसतं का, आई?" मी म्हटलं नाही. तो उठून गेला.

मोठ्या बाई मुदतीआधी निवृत्त झाल्या. शाल, नारळ, भाषणं सगळं रीतसर झालं. भाषणात त्यांनी माझं नाव घेतलं, माझी सर्वांत गुणी विद्यार्थिनी म्हणून. लोक टाळ्या वाजवत माझ्याकडे वळून बघत होते. मी टाळी वाजवली नाही. माझ्याकडून त्यांना तेवढंही मिळू नये असं वाटलं.

त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुख्याध्यापकांकडे जाऊन मी खेळाचे तास परत मागून घेतले. रोज एक तास, सगळ्या वर्गांना, सुट्टी नाही. शीतखोली रिकामी पडली आहे, तिच्या भिंतीला पोरं चेंडू आपटतात. जूनमध्ये वीरेश मैदानावर आला. पूर्वीइतका नाही, पण जाड झालाय. पहिल्याच मिनिटात बाद झाला, बाहेर बसला, आणि दुसऱ्या डावाला परत उठला. कुणीतरी टमटम म्हणालं. मी शिट्टी वाजवली आणि खेळ सुरू ठेवला. दह्यापेक्षा याला वेळ लागणार आहे, आणि सगळ्यांच्या बाबतीत हे पुरं पडेल असंही मी आता माईकवर सांगणार नाही.

आईचं विरजण मीही ओतून दिलं होतं. भांडी उकळली. मग सुक्या मिरचीचे देठ कोमट दुधात टाकले. पहिलं दही पाणचट लागलं, दुसरं जरा बरं. चांगलं दही लागलं त्या दिवशी एक वाटी भरून मी समोर गेले.

"मिरचीच्या देठांचं आहे, भारती. नवं. यात जुनं काही नाही."

भारतीने वाटी घेतली. बस म्हणाली नाही. "हो," म्हणाली आणि दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या जरा आधी, आमच्या दारावर खालच्या बाजूला थापा पडल्या. उघडलं तर हंसिका. स्वतःच्या पायांवर चालत आलेली, दोन्ही हातांत वाटी धरून. दंडांना वळ्या पडल्या होत्या आणि फ्रॉक पोटावर घट्ट बसला होता. मी तिला उचलून घेतलं. चांगली जड लागली. तिच्या केसांत तोंड खुपसून मी जरा वेळ तशीच उभी राहिले. समोरच्या दारात भारती उभी होती. ती उंबऱ्याच्या बाहेर आली नाही.

"हंसू, चल," ती म्हणाली.

मी पोरीला खाली ठेवलं. ती दुडुदुडु गेली, दार लागलं, आतून कडीचा आवाज आला. मग मी हातातल्या वाटीकडे पाहिलं. स्वच्छ घासलेली होती, कोरड्या फडक्याने पुसलेलीही. भारतीच्या घरातून आलेली ती पहिली रिकामी वाटी.